कोवळ्या मनगटावर पेन्सिलीचे ओझे

साडेतीन वर्षांच्या बालकाकडून चार रेघी वहीत अक्षरे गिरवून घेणे, यालाच हल्ली ‘भक्कम पाया’ असे संबोधले जाते. शिशुवर्गांच्या जाहिराती लेखन-वाचनाची हमी देतात आणि सुशिक्षित पालक त्या हमीला भुलून रांगा लावतात. ही शिक्षणाची ओढ नव्हे. ही बालपणाची राजरोस लूट आहे आणि ती आपल्याच संमतीने चालली आहे.

शरीरशास्त्र काय सांगते? मनगटातील आठ हाडे जन्मतः कूर्चेच्या रूपात असतात. ती एकामागून एक टणक होत जातात. शेवटचे हाड टणक होऊ लागते ते साधारणतः नवव्या ते बाराव्या वर्षी. बुद्धीची वाढही अशीच क्रमाक्रमाने होते. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग घरीही करून पाहता येतो. चार वर्षांच्या मुलासमोर सारख्याच नाण्यांच्या दोन ओळी मांडा आणि एक ओळ जरा पसरवा. लांब ओळीत नाणी जास्त आहेत, असेच ते बहुधा सांगेल. शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणणारे मूलही याला अपवाद असेलच असे नाही. हा मंदपणा नव्हे, तो वयाचा धर्म आहे. पाठांतर म्हणजे आकलन नव्हे, एवढाच याचा अर्थ.

हे सत्य आपल्या भूमीत कुणाला ठाऊक नव्हते काय? गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर उभे केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ यांच्या साथीने ते पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत पोहोचले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळाच त्याच्या अंगणात नेली गेली. पाने, बिया, शंख-शिंपले हीच तेथील शैक्षणिक साधने होती.

चाणक्याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या सुभाषितातही पहिली पाच वर्षे लालनाचीच सांगितली आहेत. व्यासपीठावरून आपण ते अभिमानाने उद्धृत करतो आणि घरी परतल्यावर तीन वर्षांच्या मुलाचा गृहपाठ घेतो!

‘स्पर्धेचे युग आहे, मूल मागे पडेल,’ असे म्हटले जाते. पालकांची ही भीती खोटी नाही. तिच्यावरचा उपाय खोटा आहे. माती मळणे, मणी ओवणे, गोष्ट ऐकणे, गाणी म्हणणे यांतूनच लेखणी धरणारी बोटे आणि वाचनाला लागणारा शब्दसंग्रह घडतो. खेळ ही अभ्यासातून मिळालेली सुटी नव्हे. त्या वयाचा अभ्यास तोच आहे.

शिशुवर्गातील औपचारिक लेखन-वाचनाच्या अतिरेकाला आळा घाला आणि प्रवेशासाठीच्या मुलाखती बंद करा, असे यशपाल समितीने १९९३ मध्येच सुचविले होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्याला मध्यवर्ती स्थान दिले. धोरण कागदावर आले. ते वर्गात कोण आणणार?

आपल्यापैकी अनेक जण शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत, कित्येक भगिनी शिशुवर्ग चालवितात. त्यांनी येत्या जूनपासून आपल्या शिशुवर्गातील गृहपाठ आणि लेखी परीक्षा बंद कराव्यात. पालकांनीही शाळेत ‘काय लिहायला शिकविले?’ असे न विचारता ‘आज काय खेळविले?’ असे विचारावे. शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे यात काहीच कारण नाही.