अबोला आणि शिट्टी

लोंढ्यात शेजारी रेल्वेतला असला की त्याच्या ड्यूटीवरची भांडणंही आपल्या स्वयंपाकघरात ऐकू येतात. कुळे ते कॅसलरॉक हा घाट 37 फुटांमागे 1 फूट चढतो. जड गाडीला मागूनही इंजिनं ढकलतात. पुढच्या-मागच्यांचा मेळ चुकला तर कपलिंग तुटायची भीती.

आमच्या क्वार्टरांच्या रांगेत असे दोन ड्रायव्हर होते (आता लोको पायलट म्हणायचं!). एक मराठी, बोलभांड. दुसरा कानडी, घुम्या. रनिंग रूममध्ये आमटीत मीठ जास्त पडलं, एवढ्यावरून दोघांत अबोला. तो वर्षभर टिकला. एकमेकांची भाषा दोघांनाही येत होती, म्हणून पुटपुटलेलंही झोंबायचं.

पण घाटात पुढून शिट्टी झाली की मागून उत्तर यायचंच. मी घुम्या काकांना छेडलं, "बोलत नाही, मग त्यांच्या शिट्टीला उत्तर कसं देता?"

"अदु अवंदल्लव्वा, गाडीदु!" त्याची नव्हे, गाडीची म्हणे.

दोघांची ड्यूटी एकत्र लागली की काकू डब्यात चार भाकऱ्या जास्त घालीत. डबा रिकामा परत येई. कोण खातं, हे काकूंनी कधी विचारलं नाही.