दोरा आणि वळसा

दोन शहरांमधील अंतर बदलत नाही, असा आपणा सर्वांचा समज असतो. आम्ही भूगोल शिकवीत होतो तेव्हा मुलांना पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणावयास सांगत असू. सपाट नकाशात वाकडी भासणारी वाट गोलावर सरळ ठरते, हे पाहून त्यांना मोठा अचंबा वाटे. फिनलंडच्या हेलसिंकीपासून जपानच्या टोकियोपर्यंत असा दोरा ताणला, तर तो सैबेरियावरून जातो व अंतर भरते सुमारे ७,८०० किलोमीटर.

याच वाटेने फिनलंडची विमाने साडेनऊ तासांच्या आसपास टोकियो गाठीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, युरोपने रशियन विमानांना आकाश बंद केले, रशियाने तशीच परतफेड केली आणि मार्चपासून तोच प्रवास सुमारे तेरा तासांचा झाला. विमान कधी उत्तर ध्रुवावरून, तर कधी दक्षिणेकडून मध्य आशियावरून वळसा घेऊ लागले. गंमत अशी, की ध्रुवाची वाट नवी नव्हेच. सोव्हिएत आकाश बिकट होते तेव्हा, १९८३ साली, त्याच कंपनीने ती चोखाळली होती आणि प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचे प्रशस्तिपत्र दिले होते. २०२२ साली ते पुन्हा वाटण्यात आले!

हे दूरदेशीचे प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. पहलगामच्या हत्याकांडानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केले. ३० एप्रिलला आपणही तेच केले. दिल्लीहून अमेरिकेस निघालेल्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात थांबावे लागले. ताश्कंद तर दिल्लीपासून जवळजवळ मुंबई-कलकत्त्याइतकेच दूर. पण वळसा घालून तेथवर पोहोचणे विमानांच्या आवाक्यात राहिले नाही, म्हणून एका भारतीय कंपनीने ती फेरीच थांबविली. १९६६ साली भारत-पाकिस्तान करार झाला तो याच ताश्कंदात, हे वाचकांस आठवत असेलच.

सुरक्षिततेसाठी आकाश बंद करावे लागते, हे आम्हांस मान्य आहे. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशियाचे प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले व २९८ जीव गेले; तेथील आकाश आधीच पूर्ण मिटले असते तर बरे झाले असते. परंतु त्याच सैबेरियावरून २०२२ नंतरही चिनी विमाने जात होती, आणि पाकिस्तानवरून आखाती देशांची. आकाश धोक्याचे असते तर ते सर्वांनाच असते. एकाला वाट व दुसऱ्याला वळसा, ही सुरक्षितता नव्हे, शिक्षा आहे. आणि ती सरकारांना न होता तिकीट काढणाऱ्याला होते.

१९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राला आपल्या आकाशावर संपूर्ण स्वामित्व दिले, हे खरे. मात्र त्याच परिषदेत, न उतरता वरून जाऊ देण्याचा वेगळा करारही झाला होता, आणि भारत व पाकिस्तान दोघेही त्यास बांधलेले आहेत. १९७१ साली आपण आकाश बंद केले तेव्हा कराची-ढाका विमाने सिलोनला वळसा घालीत, आणि तो तंटा आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला होता. बाकीच्या वाटाघाटी कितीही रेंगाळोत. केवळ वरून जाणाऱ्या प्रवासी विमानांचा प्रश्न दोन्ही सरकारांनी त्यांपासून वेगळा काढावा आणि आधी सोडवावा.