शंभरांतले किती?

मधुमेहासोबत हृदयविकार जडलेल्या रुग्णांना एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाचा उपयोग होतो, याबद्दल शंका नाही. 2015मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एम्पा-रेग’ चाचणीत असे 7,020 रुग्ण होते. सुमारे तीन वर्षांत, हे औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराने व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू 38 टक्क्यांनी कमी भरले. मार्च 2025मध्ये या औषधाचे भारतातले पेटंट संपले आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी दहाच्या घरात आली. कोकण किनाऱ्यावरच्या दिवेआगर-बोर्लीपंचतनच्या रुग्णालाही ती आता आवाक्यात वाटेल. पण गोळीबरोबर येतो तो 38चा आकडा. त्याच चाचणीतला दुसरा हिशेब मागे राहतो. औषधाविना शंभरांतले 5.9 दगावले, औषध घेऊन 3.7. म्हणजे शंभर जणांनी तीन वर्षे गोळी घेतली, तेव्हा दोघे वाचले. दोन जीव ही लहानसहान गोष्ट नव्हे. मग तो आकडा रुग्णाला सरळ का सांगू नये?

दिवेआगरला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. 3 जून 2020च्या निसर्ग वादळात इथल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. भरपाई हेक्टरी धरायची की झाडागणिक, यावरून तेव्हा किनाऱ्यावर रान उठले. काही गुंठ्यांच्या वाडीत दाटीने उभ्या असलेल्या पोफळी हेक्टराच्या भागाकारात नाहीशा होतात. खोडे मोजली की नुकसान दिसते. ज्या बागायतदाराने तेव्हा झाडागणिक हिशेब मागितला, त्याला दवाखान्यात ‘इतके टक्के फायदा’ एवढेच सांगून वाटेला लावणे बरे नव्हे. पडवीत रोठा सुपारी सोलणारी बाई महिन्याचे तीनशे रुपये एका गोळीवर घालणार असेल, तर तिलाही पुरता हिशेब कळला पाहिजे.

मोजून सांगितले की साध्या उपायाचेही मोल कळते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 जणांवर केलेली चाचणी 2006मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षांत, कोणताही खास उपाय न केलेल्या शंभरांतल्या 55 जणांना मधुमेह झाला. रोज अर्धा तास भरभर चालणाऱ्या आणि आहार सांभाळणाऱ्यांत 39 जणांना. टक्केवारीत ही घट 28.5, म्हणजे वरच्या 38पेक्षा कमी. माणसे मोजली तर शंभरांत 16 जण मधुमेहापासून दूर राहिले. मृत्यू टळणे आणि आजार लांबणे एका मापाने मोजता येत नाही, हे खरे. पण नुसती टक्केवारी दाखवली, तर समुद्रकाठच्या रोजच्या चालण्याला कोण विचारणार?

हे शंभर जण कोण, हेही विचारले पाहिजे. ‘एम्पा-रेग’मधल्या रुग्णांचा सरासरी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 30च्या वर होता, आपल्याकडचे कितीतरी मधुमेही अंगाने किरकोळ असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षे हेच दाखवून देत आले आहेत. 2004मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचे आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. दोघांचा बीएमआय 22.3, अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. 1993पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत त्यांनी गर्भवती आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास चालवला, त्यातही सरासरी 2.7 किलोच्या नवजात बाळांत हीच ठेवण आढळली. बहुतांशी स्थूल रुग्णांवरचा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागू पडेल, हे गृहीत धरून चालणार नाही.

चालू असलेली गोळी कोणी मनाने बंद करू नये. बदलायला हवी ती सांगण्याची रीत. औषध कंपनीचा प्रतिनिधी टक्केवारी घेऊन आला की डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारावेत: शंभरांतले किती, किती वर्षांत आणि कोणते शंभर? भारतातली प्रत्येक औषधचाचणी 2009पासून सरकारी नोंदवहीत आधी नोंदवणे सक्तीचे आहे, ते लोकांना हिशेब कळावा म्हणूनच. तो हिशेब केसपेपरवर, मराठीत, एका ओळीत लिहिता येतो. रुग्णाने तो हक्काने मागावा, आणि ठाऊक नसेल तर शोधून देणे हे डॉक्टरांनी आपले काम मानावे.