थ्रेड : ‘अचल’ दख्खनची दंतकथा

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत जमीन थरथरली. केंद्र तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात, परिमाण ५.३. असा हादरा आला की जुने आश्वासन पुन्हा फिरू लागते : दख्खनचे पठार अचल आहे, येथे मोठा भूकंप होत नाही. या आश्वासनाला आधार भूविज्ञानाचा नाही, विस्मृतीचा आहे.

राजुऱ्याला तर ते मुळीच शोभत नाही. तेथील दगडी कोळसा ज्या गोंडवाना खडकांत सापडतो, तो पट्टा प्राणहिता-गोदावरीच्या प्राचीन खचदरीशी जोडलेला आहे. खचदरी म्हणजे भूकवच ताणले जाऊन खचल्याची खूण. याच खोऱ्यात, भद्राचलमजवळ, १३ एप्रिल १९६९ रोजी ५.७ परिमाणाचा भूकंप झाला होता. आज तो कितीजणांना आठवतो?

त्याआधी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर कोसळले होते. नकाशा सुधारला गेला. मात्र १९७० च्या त्या नकाशातही किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या विभागातच राहिली. ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९२ या काळात तेथे शंभरावर लहान धक्के बसले. लोक भयभीत झाले, पण घरे होती तशीच राहिली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपेत असताना, ६.२ परिमाणाचा भूकंप झाला आणि साडेसात हजारांहून अधिक माणसे मेली.

आता मध्य अमेरिकेकडे पाहावे. तेथे किनाऱ्यालगत कोकोस भूपट्ट कॅरिबियन भूपट्टाखाली सरकतो. भूकंप हा तेथील नित्याचा अनुभव. १३ जानेवारी २००१ रोजी एल साल्वादोरच्या किनाऱ्यापलीकडे ७.७ परिमाणाचा भूकंप झाला. किल्लारीच्या दीडशे पटींहून अधिक ऊर्जा! मृत्यू साडेनऊशेच्या आसपास, त्यांतील निम्म्याहून अधिक एकाच दरडीखाली. तो भूकंप समुद्राखाली, बऱ्याच खोलीवर झाला; किल्लारीचा अगदी उथळ होता, हे मान्य. परंतु किल्लारीत माणसे मारली ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि त्यांवरच्या जड माळवदांनी. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर त्या पहाटे कबर झाले.

‘नशीब’ म्हणून हे झटकणाऱ्यांनी एक तपशील ध्यानात घ्यावा. २००२ मध्ये भूकंप-विभागांचा पहिला वर्गच रद्द झाला. भारताचा नकाशा तेव्हापासून दुसऱ्या विभागापासून सुरू झाला, आणि किल्लारी तिसऱ्यात गेली.