खायला वीस, सोडायला शंभर

मंडळी, आज तंबाखूवर लिहितोय. मी स्वतः खात नाही, पण माझा धाकटा भाऊ पन्नास वर्षं खात आला. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा गुपित फोडलं असं कुणी म्हणू नये!

मागच्या महिन्यात दाताच्या डॉक्टरांनी त्याच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला आणि म्हणाले, "आजपासून बंद." सोबत निकोटिनचा च्युइंगगम लिहून दिला, सुरुवातीला दिवसाला आठ-दहा. कॉलेज रोडवरच्या मेडिकलमध्ये दहाच्या पाकिटाचे शंभराच्या आसपास झाले. भावाने पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"दादा, खायला दिवसाला वीस रुपये आणि सोडायला शंभर. मी सोडावी असं सरकारला नक्की वाटतंय ना?"

चौतीस वर्षं शिकवलं, पण याचं उत्तर मला देता आलं नाही.

बरं, हे औषध बिनमहत्त्वाचं म्हणावं, तर 2022 साली सरकारनेच ते अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत घातलं. पण सातपूरच्या कारखान्यात रोजंदारीवर जाणाऱ्याने रोज शंभर रुपये आणायचे कुठून? त्याच्या खिशाला टपरीवरची पुडीच परवडते.

तंबाखूवर कर वाढवावा, हे मला मान्य आहे. किरकोळ किमतीत निदान 75 टक्के कर असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण आपल्याकडे एक महाग केलं की शेजारी दुसरं स्वस्त असतं. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेट आणि तंबाखू 40 टक्क्यांच्या गटात टाकली, आणि विडीवरचा कर मात्र 28 वरून 18 टक्के करायचं ठरवलं. कारण काय, तर विडी कामगारांचं पोट! आपल्या सिन्नरला घरोघरी बायका विड्या वळायच्या, ते मी पाहिलंय. त्यांना मजुरी हजार विड्यांमागे मिळते. विडी स्वस्त झाली म्हणून ती मजुरी आपोआप वाढत नाही. त्यांचं भलं करायचं तर मजुरी वाढवा, दुसरं काम द्या.

माझं म्हणणं एवढंच, की तंबाखूच्या करातून आलेल्या पैशातला थोडा भाग तंबाखू सोडणाऱ्याच्या औषधावर खर्च व्हावा. महापालिकेच्या दवाखान्यात हा गम पहिले दोन-तीन महिने फुकट मिळावा. खाणं महाग आणि सोडणं स्वस्त, असा साधा हिशेब हवा. आज तो नेमका उलटा आहे.

तोवर, ज्यांना सोडायची आहे त्यांनी 1800-11-2356 वर फोन करावा. तो मोफत आहे, सल्लाही मिळतो.

भावाचा आज एकोणिसावा दिवस. गमचे पैसे आम्ही भावंडं वाटून देतोय. त्याची चुन्याची डबी माझ्या कपाटात आहे. अजून तरी परत मागितलेली नाही...

असो. तुमच्या घरी काय अनुभव आहे, जरूर कळवा.