आबांचं खाचर आणि आमचं यंत्र

बालमित्रांनो,

दिवाळीत किल्ला केलात ना? आमच्या वेल्ह्याकडच्या मुलांना किल्ल्यासाठी चित्र शोधावं लागत नाही. (आता आमच्या तालुक्याला 'राजगड' हे नाव मिळालंय बरं का!) वर्गाच्या खिडकीतून मान वर केली की तोरणा दिसतो. आणि तोरणा म्हटलं की सगळ्यांना एकच गोष्ट आठवते. महाराजांनी गडाची डागडुजी काढली तेव्हा तिथं धन सापडलं आणि ते राजगड बांधायला लागलं, ती गोष्ट.

सातवीतल्या दोघा पठ्ठ्यांच्या डोक्यात ही गोष्ट इतकी बसली, की विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी चक्क धातू शोधायचं यंत्र केलं! सामान पुण्याहून, बुधवार पेठेतून आणलं. तांब्याच्या तारेचं वेटोळं, बॅटरी, छोटा भोंगा आणि दांड्याला पाण्याचा जुना पाइप. वेटोळ्यातली वीज सारखी दिशा बदलते, त्यामुळे त्याच्याभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जवळ धातू असला की त्यातही बारीकशी वीज खेळू लागते. वेटोळ्याला तिची चाहूल लागते आणि भोंगा वाजतो. मग ते सोनं असो की सोड्याच्या बाटलीचं बूच!

बक्षीस मिळालं. दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर दोघे यंत्र आणि खुरपं घेऊन थेट गडाखालच्या एका खाचरात गेले. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. भात कापून झालं होतं, शेत मोकळं दिसलं, म्हंजे मोकळंच, असा त्यांचा हिशेब! पाच-सहा खड्डे झाले, त्यातला एक बांधातच.

सकाळी शेताचे मालक, आबा, शाळेच्या दारात उभे.

"बाई, पोरं ल्हान हायत म्हून काठी उगारली न्हाई. पर दोन सालामागं रातच्या वक्ताला कोन तरी गुप्तधनासाठी माझं खाचर उकरून गेलं. बांध फुटला. बांध फुटला की पानी ठरत न्हाई, आन पानी ठरलं न्हाई तर भात कुठलं?"

मी काय बोलणार? चूक माझीही होती. यंत्र कसं करायचं ते मी शिकवलं, विचारायचं कसं ते शिकवायचं राहिलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही तिघं आबांकडे गेलो. आधी खड्डे बुजवले, बांधाला माती लावून चोपली. मग पोरं म्हणाली, "आबा, चुकलं आमचं. आता विचारून बघायचं म्हटलं तर चालंल का?"

आबा हसले. "इचारलंसा, बरं केलंसा. पर ही जिमीन माझ्या एकट्याची न्हाई."

सात-बारा तुम्ही पाहिलाय का? जमीन कुणाच्या नावावर आहे, किती आहे, त्यात कोणतं पीक आहे, हे त्या उताऱ्यावर असतं. आबांच्या उताऱ्यावर त्यांच्याबरोबर मुंबईच्या थोरल्या भावाचं आणि सासरी गेलेल्या बहिणीचंही नाव होतं. म्हणजे विचारायचं तिघांना! आबांनी फोन लावले. भाऊ म्हणाले, "बघू दे पोरांना." बहिणीनं मात्र अट घातली : बांधावरच्या देवाच्या दगडाजवळ कुणी खुरपं लावायचं नाही. आम्ही मान्य केलं. त्या नाहीच म्हणाल्या असत्या, तरी आम्ही "बरं" म्हणून परत फिरलो असतो. 'नाही' ऐकायची तयारी नसेल, तर त्याला विचारणं म्हणत नाहीत.

मग आबांनी खरा प्रश्न टाकला. "आन गावलंच काय तर?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली! त्यांना वाटत होतं, ज्याला सापडलं त्याचं. पण तसं नाही हो. आपल्याकडे १८७८ सालापासून भूमिगत धनाचा कायदा आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. काय सापडलं, कुठं आणि कधी, सगळं. मग ते जाहीर करून कुणाचा हक्क आहे का ते बघतात. धन बेवारस ठरलं आणि आधी काही वेगळं ठरलेलं नसेल, तर सापडणाऱ्याला बारा आणे आणि जागेच्या मालकाला चार आणे. सरकार मोबदला देऊन ते स्वतःकडेही घेऊ शकतं. लपवलं तर हिस्सा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून वाटणी आधीच ठरवावी. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशर इथं २००९ साली एका माणसाला यंत्रानं सोन्याचा मोठा साठा सापडला. तो शेतकऱ्याची परवानगी घेऊनच शेतात उतरला होता. ३२ लाख ८५ हजार पौंड किंमत ठरली आणि दोघांत निम्मी निम्मी वाटली गेली.

आम्हीही वहीच्या कागदावर लिहिलं : दिवसा जायचं, मोठं माणूस सोबत. नांगरटीच्या मातीपेक्षा खोल जायचं नाही. खड्डा लगेच बुजवायचा. बांध आणि देवाची जागा सोडायची. जे निघेल ते आधी आबांना दाखवायचं. खाली सगळ्यांच्या सह्या.

आणि सापडलं काय? बैलाच्या दोन पत्र्या, फाळाचं मोडकं टोक, खिळे आणि बाटलीची बुचं! पोरांची तोंडं एवढीशी झाली. आबांनी मात्र एक पत्री पुसून खिशात टाकली. "आता टॅक्टर आला. बैल ऱ्हायलं न्हाईत."

मग ते आम्हांला घरी घेऊन गेले. देव्हाऱ्यातून तांब्याचा एक नाणं काढून पोरांच्या हातावर ठेवलं. शिवराई! एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. त्यांच्या आजीपासून घरात पुजलेली. शिवाय सांगितलं, "वरच्या तुकड्याला आमी पांढरी म्हनतो." पांढरी म्हणजे वस्तीची जागा. कधीकाळी तिथं घरं असणार.

"मग तिथं बघू या?" पोरं एकदम ओरडली. मी म्हटलं, नाही. तिथं तर मुळीच खणायचं नाही. जुन्या वस्तीत मातीचे थर एकावर एक असतात. कोणती वस्तू कोणत्या थरात आहे, त्यावरून अभ्यासक काळ ओळखतात. आपण उकरलं की वहीची पानं फाडून उलटीपालटी केल्यासारखं होतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली एका कष्टकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी कांस्याची चार शिल्पं मिळाली. ती जगभर गाजली, पण ती नेमकी कोणत्या काळातली यावर अजून वाद आहे.

आणि गडावर यंत्र, कुदळ न्यायचीच नाही. ती संरक्षित जागा आहे. राजगड तर जुलै २०२५ पासून जागतिक वारसा यादीतही आलाय.

तर मित्रांनो, शिवराई यंत्राला सापडली नाही. ती विचारल्यावर मिळाली. या सुट्टीत आजी-आजोबांना एवढंच विचारा : आपल्या शेताच्या तुकड्यांची नावं काय, आणि ती का पडली? लिहून ठेवा. पालकांनो, सात-बारा एकदा मुलांच्या हातात द्या. त्यावर किती माणसं आहेत ते त्यांना वाचू द्या.

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमच्या,
बाई