नर माशाच्या रक्तातली चुगली

मासळीबाजारात आपण गाभोळीचा मासा हमखास शोधतो. गाभोळी मादीतच असते, हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ नको. पण इंग्लंडमधल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांजवळ असे रोच मासे सापडले, ज्यांच्यात नर-मादी दोघांच्या खुणा होत्या. पाण्यात असं होतं तरी काय?

उत्तर रक्तात सापडलं. अंडी धरायच्या वेळी मादीच्या अंगात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक वाढतं आणि तिचं यकृत व्हायटेलोजेनिन नावाचं प्रथिन बनवतं. त्यातूनच अंड्यातला बलक तयार होतो. नराच्या यकृतालाही हे जमतं, पण त्याला तसा निरोपच मिळत नाही. म्हणजे नराच्या रक्तात हे प्रथिन भरपूर दिसलं, तर निरोप बाहेरून, पाण्यातून आला असं समजायचं! ब्रिटिश संशोधकांनी ट्राउट मासे पिंजऱ्यात घालून सांडपाण्यात सोडले, तेव्हा हे प्रथिन झपाट्याने वाढलं. १९९४ साली ते प्रसिद्ध झालं. पाण्याची तपासणी आपण शोधू तेवढंच रसायन दाखवते. मासा मात्र सगळ्यांचा मिळून झालेला परिणाम सांगतो.

कॅनडात तर २००१ ते २००३ या काळात एका तळ्यात गर्भनिरोधक गोळ्यांतलं इस्ट्रोजेन मुद्दाम सोडलं. प्रमाण किती? लिटरमागे ५-६ नॅनोग्रॅम! तरी नरांत व्हायटेलोजेनिन वाढलं आणि फॅटहेड मिनो हे छोटे मासे जवळजवळ संपलेच. ते औषध सोडणं थांबवल्यावर काही वर्षांनी ते पुन्हा वाढले, हा मोठा दिलासा.

आता कुणी म्हणेल, 'बघा, बायकांच्या गोळ्यांनी नद्या नासवल्या.' थांबा जरा! गोळीतलं इस्ट्रोजेन तीव्र असतं, हे खरं. पण शरीरातलं नैसर्गिक इस्ट्रोजेनही सांडपाण्यात जातं, थोडंफार पुरुषांचंसुद्धा. शिवाय काही डिटर्जंटमधून येणारं नॉनिलफिनॉलही इस्ट्रोजेनची नक्कल करतं. युरोपने २००३ साली त्याच्या वापरावर बंधनं आणली.

तेव्हा मैत्रिणींनो, घाबरून गोळी बंद करू नका, मासेही सोडू नका. माशाचा हा इशारा पाण्याबद्दल आहे. उरलेली औषधं मोरीत किंवा संडासात टाकू नका, एवढं घरी करता येईल. खरा प्रश्न मात्र घराबाहेरचा आहे. आपल्याकडे कितीतरी गावांचं सांडपाणी प्रक्रियेविना नदीत जातं. आपल्या गावाचं कुठे जातं, हे नगरपालिकेला एकदा विचारून तर बघा!